कोपराएवढं वेटोळं

१

विद्यानगरच्या त्या इमारतीत कुणाचा लॅपटॉप बिघडला, की माणसं दुकानाआधी तिसऱ्या मजल्यावर उषाताईंकडे येत. एकतीस वर्षं त्यांनी सरकारी पॉलिटेक्निकच्या लॅबमध्ये पोरांना डाख द्यायला शिकवलं होतं. निवृत्त झाल्यावर पोरं सुटली, डाख काही सुटला नाही. जेवणाच्या टेबलाच्या एका टोकाला त्यांचं सोल्डरिंग आयर्न, मीटर, कात्री आणि बरण्यांमधून भरलेले बारीकसारीक भाग असत. त्या घरात लोणच्याची बरणी उघडताना आधी आत बघून घ्यावं लागे.

बिघाड बहुधा साधेच असत. की-बोर्डात सांडलेला चहा, पंख्यात बसलेली धूळ, आणि दहांतल्या सात वेळा चार्जर. चार्जर हातात आला की उषाताई आधी त्याची मान बघत, म्हणजे ठोकळ्यातून वायर जिथे बाहेर निघते ती जागा. वायर तिथे सारखी मुडपली, की आतल्या तारा एकेक करून तुटत जातात आणि वरून काहीच कळत नाही.

त्या बुधवारी सकाळी साडेआठला त्यांच्या मुलीनं, मृण्मयीनं, स्वतःचाच चार्जर त्यांच्यापुढे धरला.

"आई, प्लीज. चार्जच होत नाहीये. नऊला क्लायंटचा कॉल आहे आणि बॅटरी अकरा टक्के."

"ठोकळ्यावरचा दिवा लागतो?"

"लागतो ना. वायर हलवली की चार्जिंग येतं, सोडली की जातं."

"मान गेली," उषाताई म्हणाल्या, आणि चहाचा कप बाजूला सारला.

मानेपासून बोटभर अंतरावरचा मुडपलेला तुकडा त्यांनी कापून काढला, दोन्हीकडची वायर सोलली. मधली तार, तिच्यावर रबर, रबरावर दुसऱ्या तारेची जाळी. जोडांवर चढवायच्या नळ्या त्यांनी आधी वायरीत ओवून ठेवल्या, मग डाख दिला, मग नळ्या जोडांवर सरकवून मृण्मयीच्या हेअर ड्रायरनं आवळल्या. नळी आधी ओवली नाही, तर जोड झाल्यावर ती घालायला वाटच उरत नाही, आणि केलेलं सगळं तोडून पहिल्यापासून सुरुवात करावी लागते. दर वर्षी निम्मा वर्ग हे विसरायचा, आणि दर वर्षी उषाताई फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहायच्या: आधी नळी, मग डाख.

नवाला पाच कमी असताना चार्जिंग सुरू झालं. मृण्मयीनं आईचा गालगुच्चा घेतला.

"पण तू ही वायर अशी आवळून कशाला गुंडाळतेस गं?" उषाताईंनी विचारलं. "मान मोडणार नाही तर काय होईल?"

"मी कुठे गुंडाळते? ऑफिसच्या दिवशी मी हा इथे लावूनच जाते, तिकडे दुसरा आहे. काल संध्याकाळी आले तर टेबलावर गुंडाळून ठेवलेला. मला वाटलं, तूच आवरलंस."

उषाताईंनी काही आवरलं नव्हतं. पण कॉल सुरू झाला आणि बोलणं तिथेच राहिलं.

२

मृण्मयी बुधवारी आणि शुक्रवारी घरून काम करी, बाकीचे तीन दिवस ऑफिसला जाई. गुरुवारी ती गेली, नऊला येणारी कामवाली दहाला गेली, आणि घरात उषाताई एकट्या राहिल्या. दुपारी चारला वाळलेले कपडे ठेवायला त्या आतल्या खोलीत शिरल्या.

बटण बंद होतं. पिन बाहेर होती. टेबलाच्या मधोमध चार्जरची वायर गुंडाळून ठेवलेली होती. अरुंद, लांबट वेटोळं, हाताच्या कोपराएवढं, आणि कमरेला दोन घट्ट वेढे.

ही पद्धत उषाताईंना तोंडपाठ होती. अंगठ्याच्या बेचक्यात वायर धरायची, कोपराखालून फिरवून पुन्हा बेचक्यात आणायची, असं करत संपवायची आणि उरलेल्या शेवटाचे दोन वेढे मारून टोक आत खोचायचं. त्यांची आई, पद्मावतीबाई, कपड्यांची दोरी अशीच गुंडाळायची. इस्त्री, मिक्सर, टेबलफॅन, कुणाचीच वायर त्यातून सुटली नव्हती. 'आई, असं आवळू नकोस, मानेपाशी तुटतं,' हे उषाताई वर्षानुवर्षं सांगत राहिल्या आणि आई 'हौ, हौ' म्हणत तस्संच करत राहिली.

गौलीगुड्याच्या जुन्या घरात एकदा विजेचा बोर्ड जळला होता. तेव्हापासून पद्मावतीबाईंना रिकाम्या खोलीत चालू पिन बघवत नसे. तोवर ती नुसती काळजी होती. पण बासष्टाव्या वर्षी, ऐन उन्हाळ्यात, त्यांनी फ्रिजची पिन काढून ठेवली. दूध नासलं, सगळे हसले. आठवड्याभरात पुन्हा काढली. मग आपण काढली हेच त्यांना आठवेना. मग घराचा पत्ता गेला, मग नातीचं नाव गेलं. शेवटची चार वर्षं त्या याच खोलीत होत्या, आणि उषाताई नोकरी सांभाळून त्यांच्यामागे पिना लावत फिरत होत्या. त्या गेल्या, त्यालाही आता चौदा वर्षं झाली.

उषाताई यंदा बासष्टच्या होत्या.

त्यांनी वेटोळं सोडलं, पिन लावली, बटण चालू केलं. मृण्मयीला त्यांनी यातलं काही सांगितलं नाही.

३

न सांगून लपण्यासारखं ते नव्हतं. शुक्रवारी सकाळी वायर पुन्हा गेलेली होती, जोडाच्या अलीकडे, मानेपाशीच.

"आई, तू परत गुंडाळलीस का गं?"

"मी कशाला गुंडाळू?"

ज्या नजरेनं मृण्मयीनं आईकडे पाहिलं, ती उषाताईंना चांगली ओळखीची होती. तीच नजर त्यांनी स्वतः पद्मावतीबाईंवर टाकली होती, कितीदा तरी.

त्या रात्रभर जाग्या राहिल्या नाहीत, त्या तशातल्या नव्हत्या. सकाळी उठून त्यांनी बिघाड शोधायला घेतला. घराच्या किल्ल्या दोन, एक आपली आणि एक मृण्मयीची. खिडकीला जाळी. वारा कागद उडवील, वायर गुंडाळणार नाही. वर्गात त्या सांगत, की संशयित भाग सर्किटमधून काढा. बिघाड गेला तर भाग तोच. म्हणून सोमवारी, मृण्मयी ऑफिसला गेल्यावर, उषाताई घराला कुलूप लावून चिक्कडपल्लीला मामेबहिणीकडे, रंजनाकडे, जाऊन बसल्या. पाचला परत आल्या, तर पिन जागच्या जागी आणि ठोकळ्यावरचा दिवा चालू. कुणी हात लावला नव्हता.

मंगळवारी त्या घरीच थांबल्या. आतल्या खोलीत पाऊलही टाकायचं नाही, असं ठरवून हॉलमध्ये दिवाणावर बसल्या. दोननंतर डोळा लागला, फार तर वीस मिनिटं. तीनला उठून पाहिलं, तर टेबलावर वेटोळं.

म्हणजे त्या घरी नसल्या की होत नव्हतं, आणि असल्या की होत होतं. संशयित भाग सोमवारी चिक्कडपल्लीला गेला होता, एवढाच त्याचा अर्थ. स्वतःच्या हातांकडे त्या बराच वेळ बघत बसल्या.

बुधवारी सकाळी उषाताई वायर तिसऱ्यांदा जोडायला बसल्या. मधली तार जोडली, जाळी जोडली, डाख सुरेख बसला. आणि मग टेबलावर पडलेल्या दोन नळ्या त्यांना दिसल्या. ओवायच्या राहिल्या होत्या.

एकतीस वर्षांत ही चूक त्यांच्या हातून झाली नव्हती. मागे उभ्या असलेल्या मृण्मयीलाही त्या नळ्या दिसल्या. लहानपणापासून ती ते वाक्य ऐकत आली होती.

"राहू दे आई," ती हळूच म्हणाली. "मी नवीन चार्जर मागवते."

आणि तिनं आयर्नची पिन काढली, ते गार होऊ दिलं, आणि आपल्या कपाटात वरच्या कप्प्यात साड्यांमागे ठेवून दिलं. उषाताईंनी आईपासून काड्यापेटी तिथेच लपवली होती.

४

"कॅमेरा लाव," उषाताई स्वतःच म्हणाल्या. "अंदाज नकोत मला. काय ते दिसू दे."

गुरुवारी मृण्मयीनं तिचा जुना फोन आतल्या खोलीत पुस्तकांच्या फळीवर टेबलाकडे तोंड करून ठेवला आणि नव्या चार्जरची पिन लावून ती गेली. दुपारी नव्या चार्जरचं वेटोळं झालं. संध्याकाळी दोघी शेजारी शेजारी बसल्या आणि मृण्मयीनं व्हिडिओ पुढे पळवत नेला. आवाज तिनं बंदच ठेवला होता.

रिकामी खोली. टेबल, वायर, ठोकळ्यावरचा दिवा. मग एक वाजून बावन्न मिनिटांनी दारातून उषाताई आत आल्या. त्या टेबलापाशी गेल्या आणि फोनकडे पाठ करून उभ्या राहिल्या. त्यांच्यामुळे टेबल सगळं झाकलं गेलं. एक मिनिट गेलं, दुसरं गेलं. चौथ्या मिनिटानंतर त्या वळल्या आणि बाहेर गेल्या. टेबलावर वेटोळं होतं.

"मी खिडकी लावायला गेले होते," उषाताई म्हणाल्या. टेबलामागेच खिडकी होती. "गेले, लावली, आले."

"चार मिनिटं, आई."

चार मिनिटं त्यांना सापडेनात. खिडकीची कडी आठवत होती, बोटाला लागलेला गंज आठवत होता, बाकी काही नाही. त्यांनी व्हिडिओ पुन्हा बघितला, आणि पुन्हा. पाठमोऱ्या बाईची कोपरं त्या निरखून बघत होत्या. कोपरं हलत नव्हती, निदान तसं वाटत तरी होतं. पण पाठीवरून माणसाचे हात ओळखता येत नाहीत, आणि ती पाठ तर त्यांना आपली वाटतही नव्हती. थोडी वाकलेली, आईसारखी.

मृण्मयीला रडू फुटलं. कंपनी तिला दोन वर्षांसाठी जर्मनीला पाठवणार होती, पंधरा दिवसांत होकार द्यायचा होता. "मी नाही सांगते त्यांना," ती म्हणाली. "आणि मंगळवारी पाचची अपॉइंटमेंट घेतलीये, मेमरीच्या डॉक्टरांची. नुसती टेस्ट, आई."

विसरण्याची भीती उषाताईंना नव्हती, निदान फार नव्हती. त्यांना भीती होती ती या पोरीनं आपल्यामागे पिना लावत फिरण्याची. आपण आईवर चिडायचो, मग बाथरूममध्ये जाऊन रडायचो, हे त्यांनी कुणालाच सांगितलं नव्हतं. ते सगळं आता हिच्या वाट्याला येणार. त्यापेक्षा काहीही परवडलं.

५

मंगळवारी मृण्मयी चारला परत येते असं सांगून ऑफिसला गेली. जाताना तिनं चार्जर लावून ठेवला की नाही, हे उषाताईंनी पाहिलंच नाही. आज जे व्हायचं ते होऊ दे, असं त्यांनी मनाशी ठरवलं होतं.

साडेबाराला समोरच्या घरातली वरलक्ष्मी वाटी घेऊन आली. वाटीत हिरवागार वाटलेला पाला होता. आषाढात तेलुगू बायका हातांना गोरिंटाकू लावतात. मेंदीचाच पाला, पण नक्षी वगैरे काही नाही. बोटांना टोप्या आणि तळहातावर मोठा ठिपका. बावीस वर्षं शेजारी राहून हा आषाढ उषाताईंच्याही घरचा झाला होता.

"अक्का, आषाढम खतम होने को आया, तुमारे हातां कोरे के कोरे!"

"आज नको गं. पाचला डॉक्टरकडे जायचंय."

"तो जाव ना. लाल हातां देखको डॉक्टर बी खूष होता." वरलक्ष्मी दिवाणावर मांडी ठोकून बसलीसुद्धा. "हात दो. पैले उल्टा."

नाही म्हणायचंही त्राण उषाताईंमध्ये नव्हतं. त्यांनी डावा हात पुढे केला. वरलक्ष्मीनं एकेका बोटाला पेरापर्यंत जाड टोपी चढवली. तळहातांवर रुपयाएवढा गोल, भोवती सात ठिपके. दोन्ही हात झाले तेव्हा दीड वाजत आला होता.

"दो घंटे किसीकू हात नै लगाना अक्का. नाकां में खुजली आई तो बी नै."

"आणि दार उघडायचं झालं तर?"

"कायकू उघडते? मैं खींच को जाती, लॉक गिर जाता. मृण्मयी आती ना चाबी लेको."

ती गेली. दार ओढल्याचा आणि कुलूप पडल्याचा आवाज आला. उषाताई दिवाणावर भिंतीला टेकून बसल्या, तळहात वर करून, दोन्ही हात मांडीवर. पाला गार लागत होता. बऱ्याच दिवसांत पहिल्यांदा त्यांच्या हातांना काही काम नव्हतं.

६

डोळा लागला असावा, कारण डप्पूच्या, म्हणजे डफांच्या, आवाजानं त्या जाग्या झाल्या. बोनालूचे दिवस होते. मागच्या गल्लीतून देवीची मिरवणूक चालली होती. आवाज जवळ आला, आतल्या खोलीच्या खिडकीखालून गेला, पुढे विरत गेला.

आणि उषाताईंना ती चार मिनिटं सापडली.

गुरुवारीही अशीच मिरवणूक गेली होती. त्या खिडकी लावायला गेल्या, खाली डोक्यावर मडकी घेतलेल्या बायका दिसल्या, आणि त्या बघत उभ्या राहिल्या. एवढंच. मडक्यांवरचे दिवे, कडुलिंबाचे डहाळे, सगळं लख्ख आठवलं. आपण नुसत्या उभ्या होतो. हात खिडकीच्या गजांवर होते, डोळे गल्लीत आणि कान डप्पूकडे.

त्या हसणारच होत्या. तेवढ्यात आतून आवाज आला.

खट्.

बटणाचा आवाज. एकतीस वर्षं लॅबमध्ये काढलेल्या बाईला तो सांगावा लागत नाही. त्यापाठोपाठ पिन सॉकेटमधून निघतानाची घासट. मग थोडी शांतता, आणि मग टेबलावरून वायर ओढली जाण्याचा बारीक, कोरडा आवाज. सर्र. सर्र. एका लयीत, न घाईचा, न रेंगाळणारा.

आतल्या खोलीचं दार अर्धं उघडं होतं. दिवाणावरून त्या खोलीतलं टेबल दिसत नसे, पण कपाटाचा आरसा दिसे, आणि आरशात टेबलाची एक कड. उषाताईंनी मान वळवली नाही. फक्त डोळे वळवले.

आरशात एक कोपर होतं. वाळलेलं, सुरकुतलेलं, त्याच्यावर चोळीचा हिरवा काठ. कोपराखालून काळी वायर जात होती, वर जात होती, पुन्हा खालून येत होती. कोपराच्या वर जे काही असेल ते आरशाच्या कडेबाहेर होतं.

उषाताईंनी डोळे खाली आणले. मांडीवर त्यांचे दोन हात होते. दहा बोटांना दहा हिरव्या टोप्या. एकीलाही चीर नव्हती.

भीती यायला हवी होती. आलीही, पायांतून वर चढत आली. पण तिच्या आधी दुसरंच काहीतरी पोहोचलं, आणि ते इतकं मोठं होतं की भीतीला बसायला जागाच उरली नाही. मी नव्हे, असं त्यांना कळलं. हे हात माझे नाहीत. माझे इथे आहेत, दोन्ही, माझ्या मांडीवर. त्यांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहू लागलं, आणि ते पुसताही येईना.

सर्र थांबलं. आत कुणीतरी दोन वेढे मारत असणार. उषाताईंनी पुन्हा आरशाकडे पाहिलं नाही. त्यांना जे बघायचं होतं ते बघून झालं होतं.

७

चारला मृण्मयीनं किल्लीनं दार उघडलं आणि समोर आईला रडताना पाहून तिच्या हातातली पर्स पडली.

"आई! काय झालं?"

"हात बघ माझे," उषाताई म्हणाल्या. "आधी हात बघ, मग आत जा. बटणावर हिरवं काही लागलंय का बघ, पिनवर बघ, वायर सोडून बघ. नीट बघ. मला रिपोर्ट पाहिजे."

हा लॅबमधला आवाज होता. मृण्मयीनं आईच्या बोटांवरच्या वाळत आलेल्या टोप्या एकेक करून पाहिल्या. मग ती आत गेली. ती बराच वेळ बाहेर आली नाही. आली तेव्हा तिच्या हातात वेटोळं होतं, आणि ते तिनं दोन बोटांत, अंगापासून लांब धरलं होतं.

"काहीच लागलेलं नाहीये," ती म्हणाली. "बटण पांढरंशुभ्र आहे. मी सकाळी हे स्वतः लावून गेले होते."

"आणि दार?"

"बंद होतं. आई, वरलक्ष्मी आंटी..."

"दीडला गेली. तिला विचार. आता तो गुरुवारचा व्हिडिओ लाव, आवाजासकट."

मृण्मयीनं लावला. पाठमोरी बाई टेबलापाशी उभी राहिली आणि फोनमधून डप्पू वाजू लागले. चार मिनिटं मिरवणूक गेली, मग बाई वळली.

"मी बोनालू बघत होते," उषाताई म्हणाल्या. "म्हातारीनं खिडकीत उभं राहून मिरवणूक बघितली, तर त्याला आजार म्हणतात होय गं?"

मृण्मयी हसली, आणि हसता हसता तिचा चेहरा पांढरा पडला. "मग वायर कुणी गुंडाळली?"

"ते बघू सावकाश. मी नाही, एवढं कळलं ना तुला?"

मृण्मयी आईच्या कुशीत शिरली. उषाताईंना तिला जवळही घेता येईना. दोन्ही हात हवेत धरून त्या बसून राहिल्या.

अपॉइंटमेंट मोडायची नाही, असं उषाताईंनीच ठरवलं. आता तर त्यांना परीक्षा द्यायचीच होती. डॉक्टर तरुण होते, मराठी होते, नांदेडकडचे. त्यांनी पाच शब्द सांगून दहा मिनिटांनी परत विचारले, उषाताईंनी ते सुलट आणि उलट म्हणून दाखवले. शंभरातून सात सात वजा करत त्या शेवटपर्यंत न चुकता गेल्या. घड्याळ काढा म्हटल्यावर लाल झालेल्या बोटांत पेन धरून त्यांनी सेकंदकाट्यासकट घड्याळ काढलं.

"तुमच्या वयाला हे छानच आहे," डॉक्टर म्हणाले. "काळजीचं काही नाही." मग त्यांनी फॉर्म पुढे ओढला. "दुपारी घरी एकट्याच असता का?"

उषाताईंनी क्षणभर विचार केला.

"नाही," त्या म्हणाल्या.

टेबलाखाली मृण्मयीनं त्यांचा हात घट्ट धरला. डॉक्टरांनी तसं लिहून घेतलं.

८

पुढचे दोन दिवस मृण्मयी दिवा लावून झोपली. बुधवारी घर बदलू म्हणाली, गुरुवारी पूजा घालू म्हणाली. "कशाला?" उषाताई म्हणाल्या. "नेत तर काही नाही. पिनाच काढते, त्याही मी घरात असते तेव्हाच." हे काय आणि कोण, यावर दोघींपैकी कुणी अवाक्षर काढलं नाही. शुक्रवारी सकाळी मात्र मृण्मयीनं साड्यांमागून सोल्डरिंग आयर्न काढून आणलं, आईच्या पुढ्यात ठेवलं आणि म्हणाली, "जर्मनीला हो कळवलं, आई."

"बरं केलंस," उषाताई म्हणाल्या आणि गडबडीनं चष्मा पुसायला घेतला.

जुना चार्जर त्यांनी पुन्हा उघडला. फसलेला जोड तोडला, वायर नव्यानं सोलली. दोन नळ्या बोटात धरून क्षणभर त्यांच्याकडे पाहिलं, मग आधी त्याच ओवल्या. डाख दिला. मीटरवर एकोणीस व्होल्ट आले, अगदी ठणठणीत.

सोमवारी मृण्मयी ऑफिसला गेली. दुपारी उषाताई आतल्या खोलीत गेल्या, चार्जर लावला, बटण चालू केलं. ठोकळ्यावरचा दिवा लागला. जायला वळल्या, पण दारात थांबल्या. टेबलाकडे त्यांनी पाठच ठेवली.

"हे बघ," त्या म्हणाल्या, आणि इतक्या वर्षांनी त्यांचा आवाज पुन्हा चिडक्या लेकीचा झाला. "काढायची तर काढ पिन, मी नाही म्हणत नाही. पण कोपराला आवळू नकोस. मान तुटते, तीनदा जोडलीये मी. मोठे गोल कर, सैल, आणि तसंच ठेव. कमरेला वेढे नकोत."

उषाताई बाहेर येऊन दिवाणावर आडव्या झाल्या. बोटं अजून लाल होती. आषाढ संपून गेला तरी रंग राहणार होता. खाली भाजीवाला ओरडत होता. दोन महिन्यांनी पोर जर्मनीला जाईल, रविवारी व्हिडिओ कॉल करील, आणि आपल्याला तिचं नाव आठवत असेल. एवढं त्यांना पुरेसं होतं.

डोळे मिटतात न मिटतात तोच आतून आवाज आला.

खट्.

उषाताई उठल्या नाहीत. मग वायर ओढली जाऊ लागली. त्या कान देऊन ऐकत राहिल्या. आज आवाज तुटक नव्हता. सर्र लांबत होता, सावकाश, ऐसपैस, हातभर रुंद गोल घेतल्यासारखा.

"हां, अस्सं," त्या पुटपुटल्या, आणि कूस बदलून निवांत झोपी गेल्या.